बटणपट्टी

१२ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. तुमची तब्येत उत्तम असणार, कारण सलग चार पानं रागवायला अंगात ताकद लागते. इकडे आम्ही दोघीही ठणठणीत आहोत. भिंगरीला मध्ये सर्दी झाली होती, ती गेली. खरं तर फोनवरच उत्तर देणार होते. पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो, ऐकत कुणीच नाही, आणि मग तुमची लेक आणि माझा लेक तिकडे परमुलखात बसून आपापल्या आईची समजूत काढत राहतात. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही. अक्षर जरा वेडंवाकडं आहे, चालवून घ्या. टेबलाचा एक पाय डुगडुगतो.

तर मुद्दा सुईचा. भिंगरीनं तुम्हाला फोनवर सांगितलं की आजीनं मला सुई दिली, आणि तुम्ही तडक कागद-पेन घेऊन बसलात. सहा वर्षांच्या पोरीच्या हातात सुई देणारी बाई तिला सांभाळायच्या लायकीची नाही, सबब मे महिन्यात येऊन तिला घेऊन जाते आणि जूनपासून आमच्याकडच्या शाळेत घालते, असं तुम्ही लिहिता. तिच्या आईबापाचं तिकडचं काम संपायला अजून वर्ष तरी आहे, आणि तोवर पोरीनं कुठल्या आजीकडे राहायचं ते तुम्ही दोघींनी ठरवा असं ते सांगून गेले, हे मलाही ठाऊक आहे. पण ‘तुम्ही दोघींनी’ याचा अर्थ तुम्ही एकटीनं असा होत नाही.

आणि विहीणबाई, तुमचं लॉन्ड्रीचं दुकान. तुमची लेक सहाव्या वर्षी स्टुलावर उभी राहून रुमालांना इस्त्री करायची, हे तिनंच मला लग्नानंतर आल्या आल्या सांगितलं, आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं. तापलेली इस्त्री चालते आणि सुई चालत नाही, हा कुठला न्याय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आता रागावू नका, वाचा पुढे.

पहिल्या दिवशी सुई दिलीच नव्हती. जाड पुठ्ठ्याचा एक मासा कापला, त्याच्या कडेनं भोकं पाडली आणि तिला बुटाची नाडी दिली. वरून खाली जायचं, खालून वर यायचं, एवढंच काम. तिनं काय केलं असेल? नाडी खाली गेली ती कडेवरून वळसा घालून परत वरच्याच भोकात. माशाला सगळीकडून वेटोळी बसली. सगळी पोरं हेच करतात. मोठी माणसंही करतात, कारखान्यात नव्या मुली यायच्या त्यांच्यातल्या निम्म्या हेच करायच्या. मी म्हणाले, उंदीर बिळात गेला तर छपरावरून उडी मारून परत येत नाही, तो पुढच्या बिळातून डोकं काढतो. तिला ते पटलं. तेव्हापासून आमच्याकडे टाक्याला उंदीर म्हणतात.

मग गोणपाटाचा तुकडा आणि लोकर ओवायची बोथट सुई. ही सुई तुमच्या चमच्यापेक्षा बोथट असते. दोरा दुहेरी घेऊन टोकाला गाठ मारायची, म्हणजे पोराच्या हातून सुई रिकामी होत नाही आणि पोर चिडत नाही. दोरा तिच्या स्वतःच्या हाताएवढाच, जास्त नाही. लांब दोरा म्हणजे लांब गुंता. गोणपाटावर खडूनं एक रेघ मारून दिली आणि म्हटलं, उंदरांची रांग लाव. लावली. रेघ सरळ होती, उंदीर गावभर. पण ती इतकी खूश होती की तो तुकडा उशाशी घेऊन झोपली.

खरी सुई सगळ्यात शेवटी मिळाली, आणि तीही एका अटीवर. सुईचं घर म्हणजे टाचण्यांची उशी. हातात नसेल तेव्हा सुई घरात. मांडीवर नाही, तोंडात नाही, चटईवर तर नाहीच. एकदा तिच्या बोटाला टोचली. तिनं बोट तोंडात घातलं, माझ्याकडे बघितलं, मी पुढचा टाका कुठं ते दाखवलं, तिनं तो घातला. तुम्ही असतात तर हळद शोधत घरभर पळाला असतात.

मी तिच्या कामाला हात लावत नाही, हे मुद्दाम लिहिते. शेजारी बसवते, तोंडानं सांगते, फारच अडलं तर एखादा टाका दाखवते. बाकी तिचं तिनं करायचं. पोरांच्या हातून काम काढून घेऊन ‘असं करायचं असतं’ म्हणणाऱ्या बाया मी खूप बघितल्या. त्यांची पोरं पुढे बटण तुटलं की शर्ट टाकून देतात. तुम्ही म्हणाल, ही तर उंटावरून शेळ्या हाकते. हाकते खरी. पण शेळ्या रस्त्यावर आहेत.

तेव्हा मे महिन्यात अवश्य या, चार दिवस राहा, पोरीचं कौतुक बघा. घेऊन जायची भाषा तेवढी करू नका.

आपली विहीण


५ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र या वेळी दोनच पानांचं होतं. याला मी प्रगती समजते. तुम्ही लिहिता की मी नुसत्या बाता मारते, काम दाखवा. हातच्या काकणाला आरसा कशाला? सोबत एक पुडकं पाठवलं आहे, त्यात एक पिशवी आहे. ती तुमच्या दुकानाच्या किल्ल्यांसाठी. ‘त्या आजीच्या किल्ल्या सारख्या हरवतात’ असं शिवणाऱ्या बाईंचं म्हणणं पडलं. कापड माझ्या जुन्या गाऊनचं, झाकणाचं बटण तिच्या बापाच्या लहानपणच्या शर्टाचं. कापून मी दिलं, शिवलं सगळं तिनं, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत.

तिथपर्यंत पोचायच्या आधी बरंच रामायण झालं. पहिलं काम तिची स्वतःची टाचण्यांची उशी. दोन चौकोन एकावर एक ठेवायचे, तीन बाजू शिवायच्या, चौथी थोडी उघडी ठेवायची, पोटात कातरण भरायचं, मग तोंड शिवायचं. बाईसाहेबांनी चारी बाजू झटक्यात शिवून टाकल्या आणि मला आणून दाखवल्या. मी विचारलं, हिला जेवायला कुठून घालणार? तिनं उशी चारी बाजूंनी फिरवून बघितली. मग म्हणाली, “आजी, ही उपाशी मेली.” आणि भोकाड पसरलं. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर उसवायला बसवलं. उसवणं हे शिवण्यातलंच काम आहे, त्याला लाजायचं नाही, हे मी तिला पहिल्यापासून सांगत आले आहे. आता ती उसवते तेव्हा चेहरा असा करते जणू डॉक्टरीण टाके काढते आहे.

दुसरं काम खिसे. हे माझं चुकलं, कबूल करते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शर्टाच्या कारखान्यात जन्म काढला पण अख्खा शर्ट कधी शिवला नाही. आमच्या लाइनीत एकीनं कॉलर लावायची, दुसरीनं बाह्या, आणि मी खिसे. शेजारची कॉलरवाली अजून मला खिसेवाली म्हणूनच हाक मारते. तेव्हा शिकवायचं म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? चौकोन, वरची कड दुमड, खाली टोक काढ, झाला खिसा. भिंगरी खिशावर खिसे करत सुटली. मग लावायला जागा पुरेना. पडद्याला खिसा, उशीच्या अभ्र्याला खिसा, माझ्या टॉवेलला खिसा. कॉलरवाली चहाला आली ती खुर्चीच्या पाठीला लावलेला खिसा बघून म्हणाली, “अगं, हिला पगार तरी देतेस का?” त्या खिशात तिनं चष्मा ठेवला आणि विसरून गेली.

सगळ्यात आवडीचं काम मात्र बटण. बटण लावताना खाली एक काडी धरायची, म्हणजे दोरा फार आवळला जात नाही आणि बटणाला मान मिळते. काडी काढायची, मानेभोवती दोरा गुंडाळायचा, गाठ. हे तिला एका दुपारी जमलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कपड्याचं बटण ती ओढून बघते. सैल असलं की तिला आनंद होतो. सकाळी माझ्या गाऊनची बटणंही तीच लावते, हौस म्हणून. मी लावू देते.

परवा ती तुमच्याशी फोनवर फार बोलली नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, असं तुमची लेक म्हणाली. मनाला लावून घेऊ नका. मी तिला सरळ विचारलं होतं, मे महिन्यात त्या आजीकडे राहायला जायचं का? ती म्हणाली, “नाही. मी इथंच राहणार.” विचार न करता म्हणाली. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. तुमच्याकडे अंगण आहे, मांजर आहे, लॉन्ड्रीतल्या गरम कपड्यांच्या ढिगात लोळायला मिळतं, हे सगळं तिच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं आहे. तरी ती नाही म्हणाली. आता तुम्हीच काय ते समजा.

पत्र इथंच आवरते. पेन नवं आहे, अजून हातात बसत नाही.

आपली विहीण


१८ एप्रिल

विहीणबाई,

पिशवी पोचली, किल्ल्या तिच्यात मावल्या, बटण घट्ट आहे, हे वाचून बरं वाटलं. भिंगरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बटणाला मान केली आहे हे त्यांनी बघितलं का, ते विचार.

पण त्यापुढचा तुमचा प्रश्न. ‘कडेचे तिरपे टाके उलट्या बाजूला झुकलेत, म्हणजे हे डाव्या हातानं शिवलंय. पोरीला पहिला चमचा मी धरायला शिकवला, ती उजव्या हाताची आहे. मग ती डाव्या हातानं शिवते ती कुणाचं बघून?’ एवढंच लिहून तुम्ही सही ठोकलीत. खुशाली नाही, काही नाही.

विहीणबाई, आयुष्यभर लोकांचे कपडे उलटसुलट करून तुम्हाला शिवण वाचायची सवय लागली आहे, मान्य. पण याला सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. पोरं हजार गोष्टी करतात. आज डाव्या हातानं शिवेल, उद्या पायानं शिवेल. वर्गात कुणी डावरं असेल, त्याचं बघितलं असेल. मी उजव्याच हातानं शिवते, तीस वर्षं त्याच हातानं खिसे लावलेत, कॉलरवालीला विचारा.

मला वाटतं तुम्हाला काही खोट सापडत नाही म्हणून तुम्ही टाके तपासत बसलात. पोर आनंदात आहे. ती इथं राहणार म्हणते. यापलीकडे आपल्याला काय हवं?

मे महिन्यात येणारच असाल तर आधी कळवा. गाद्या उन्हात घालायला हव्यात.

विहीण


२७ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र मी थांबत थांबत लिहिते आहे, म्हणून शाईचा रंग ठिकठिकाणी वेगळा दिसेल. टेबल डुगडुगत नाही. पेनही बरं आहे. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? तुम्ही टाका बरोबर वाचलात.

माझा उजवा हात गेला आहे. गेला म्हणजे आहे जागेवर, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत. त्यांच्यात सुई धरली तर धरली की नाही हे मला बघून ठरवावं लागतं. डॉक्टर म्हणाल्या, मनगटातली नस दबली आहे, वर्षानुवर्षं एकच काम केलं की होतं असं, छोटा छेद देऊन मोकळी करावी लागेल, जितकं लवकर कराल तितकं बरं. हे त्या थंडीत म्हणाल्या. मी दुखणं अंगावर काढलं. ऑपरेशन म्हणजे काही आठवडे हात बांधलेला. म्हणजे तुम्हाला कळणार. म्हणजे तुम्ही पोरीला घेऊन जाणार, आणि तुमचं बरोबरच असणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले. आता ती मूठ धड झाकतही नाही.

तेव्हा मी तिच्या कामाला हात लावत नाही, हे जे मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते खरं असलं तरी पूर्ण खरं नव्हतं. हात लावता येत नव्हता. आणि अडलं की जो एखादा टाका दाखवायचे, तो डाव्या हातानं. मला वाटायचं ती टाका बघते आहे. ती हात बघत होती. उजव्या हातानं जेवणारी, उजव्या हातानं लिहिणारी पोर सुई दिसली की डावा हात पुढे करते, कारण तिच्या मते सुई अशीच धरतात. आणि इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्या पत्रानंतर मी पहिल्यांदा नीट बघितलं.

पण हे एवढंच असतं तर मी अजूनही टाळाटाळ केली असती. मला स्वतःची खात्री आहे. झालं ते वेगळंच.

मंगळवारी तिला शाळेतून आणायला गेले तर बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. वर्गाची सहल आहे, तळ्यावर पक्षी बघायला. उजाडायच्या आत निघायचं. सगळी पोरं येणार, फक्त भिंगरी नाही म्हणते. बाई हसत होत्या. म्हणाल्या, “मी तिला विचारलं, का गं नाही? तर म्हणाली, मला जमणार नाही, मला सकाळी काम असतं. काय काम, तर म्हणे आजीची बटणं. किती गोड ना?” मीही हसले. दुसरं काय करणार?

रस्ताभर मी तिचा हात धरून चालले. घरी आल्यावर विचारलं, “तुला पक्षी बघायचे नाहीत का?”

“बघायचेत.”

“मग?”

“मग तू दुपारपर्यंत उघडीच बसशील का?”

“कॉलरवाली आजी आहे की.”

“ती उशिरा उठते. आणि तू तिला सांगत नाहीस. तू कुणालाच सांगत नाहीस.”

विहीणबाई, मी तिला कधी सांगितलं नव्हतं की माझा हात चालत नाही. थंडीतल्या एका सकाळी मी आरशासमोर बराच वेळ उभी होते, एक बटण काही केल्या काजात जाईना, आणि ती स्टूल ओढत आली, चढली आणि वरपासून खालपर्यंत सगळी लावून उतरली. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली. आणि मी काय केलं, तर तिला हौस आहे असं तुम्हाला लिहून मोकळी झाले.

मग मी तो दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायची मला भीती वाटत होती. “त्या आजीकडे जायचं नाही म्हणालीस, तेही बटणांमुळे?”

तिनं होकाराची मान हलवली. नुसती. आणि मग मांजराचं पिल्लू मोठं झालं असेल का, असं विचारलं.

मी तुम्हाला छातीठोकपणे लिहिलं होतं की पोरीला माझ्याकडेच राहायचं आहे. तिला राहायचं नव्हतं, ती इथं कामावर होती. मी माझ्या घरात सहा वर्षांची पोर नोकरीला ठेवली होती आणि वर तिच्या नावानं तुम्हाला टोमणे मारत होते. हे लिहिताना मला रडू आलं, ते सुकल्यावर पुढे लिहिते आहे. माझ्यावर माया आहे तिची, ते मला कळतं. ती नसती तर बटणं कशाला लावली असती? पण ही अशी माया मी तिच्याकडून घेऊ शकत नाही. तिच्या वयाला ती झेपणारी नाही आणि माझ्या वयाला शोभणारी नाही.

म्हणून आता मी सांगते तसं करायचं. मे लागताच या आणि तिला घेऊन जा. ऑपरेशनचा दिवस मी ठरवून आले आहे. कॉलरवालीला सगळं सांगितलं. तिनं आधी मला भरपूर शिव्या दिल्या आणि मग आपली गादी माझ्या खोलीत आणून टाकली, आता ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासूनच घोरते आहे. तेव्हा माझी काळजी करू नका, करायचीच तर झोपेची करा. जूनची शाळा तुमच्याकडेच होऊ दे. हात बरा झाला की मी येईन, आणि पुढचं तेव्हा बघू. पण त्या वेळी आपण दोघींनी गप्प बसायचं आणि तिनं बोलायचं. ती तुमच्याकडेच राहते म्हणाली तर मी एका अक्षरानं भांडणार नाही. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते माझं मी बघेन.

दोन गोष्टी सांभाळा. सुई काढून घेऊ नका. आणि हात बदलायला लावू नका, आता जो बसला आहे तो बसू दे, टाके उलटे झुकले म्हणून कापड फाटत नाही. तिसरी एक राहिली. तुमच्या किल्ल्या हरवल्या तर तुमच्या तुम्ही शोधा. तिला शोधायला सांगितलं तर ती रोज शोधून ठेवेल.

तुला जायचं आहे, असं मी तिला बुधवारी सांगितलं. मला वाटलं उड्या मारेल. ती म्हणाली, “मग तू कुठला गाऊन घालणार?” मी म्हटलं, आहेत ते. काल दुपारी मी जरा पडले होते, उठून बघते तर ती कोपऱ्यात माझा निळा गाऊन घेऊन बसलेली, भोवती दोऱ्याचे तुकडे. “इकडे बघायचं नाही,” असा हुकूम झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी इकडची तिकडे केली.

बऱ्याच वेळानं हाक आली. गाऊनची सगळी बटणं तिनं लावून टाकली होती आणि वर बटणपट्टी गळ्यापासून कमरेपर्यंत शिवून बंद केली होती, तिरप्या टाक्यांनी, निळ्या कापडावर लाल दोरा. “आता बटणंच नाहीत,” ती म्हणाली. “डोक्यातून घालायचा. टी-शर्टासारखा.”

मी इतकी वर्षं कपड्यात काढली, कॉलरवालीनं काढली, आणि हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी तो डोक्यावरून घातला आणि अडकले. सरकेचना. तिनं पुढच्या पट्टीबरोबर मागची पाठही शिवून टाकली होती, गाऊनचा सपाट अभ्रा झाला होता. आतून मला काही दिसत नव्हतं, बाहेरून आवाज आला, “आजी, तू उपाशी उशी झालीस.” दोघी हसून हसून खाली बसलो. मग तिचं तिलाच समजलं काय चुकलं ते. न रडता, न सांगता उसवायला बसली. मी एवढंच म्हणाले की या वेळी मध्ये एक मासिक घाल, म्हणजे सुई पाठीपर्यंत जाणार नाही, आणि वरची दोन बटणं मोकळी सोड, माझं डोकं तुझ्याएवढं नाही. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी पट्टी पुन्हा शिवली. मी शेजारी बसले होते. बोलले नाही, दाखवलं नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसले.

आज सकाळी तिनं मला उभं केलं आणि स्वतः लांब भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून, आमच्या कारखान्यातली सुपरवायझर उभी राहायची तशी. मी गाऊन डोक्यातून घातला, एक हात काढला, दुसरा काढला, खाली ओढला. झाला. ती पुढे आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली, पट्टी दोन ठिकाणी ओढून बघितली.

मग तिनं विचारलं, “आता मी जाऊ?”

मी म्हणाले, जा.

आज स्वतःचे कपडे स्वतः केलेली,
तुमची विहीण